बोस्टन, सप्टेंबर १९६९ : खरं बोलणाऱ्या सैनिकाला भ्रमिष्ट ठरवलं तेव्हा

सप्टेंबर १९६९. बोस्टनमधलं माजी सैनिकांसाठीचं सरकारी रुग्णालय. सेरा हेली या समाजकार्यकर्त्या तिथे नुकत्याच रुजू झाल्या होत्या. कामाच्या पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे व्हिएतनामहून परतलेला एक सैनिक आला. तो कमालीचा घाबरलेला होता, एका जागी बसवत नव्हतं. त्याने सांगितलं ते असं : माय लाय नावाच्या गावात आपल्या कंपनीने बायका-पोरं मारली. आपण गोळी झाडली नाही. बाहेर कुठे बोललास तर तुलाही संपवू, अशी धमकी तुकडीतल्या काही जणांनी दिली. आता ते आपल्यामागे येतील या भीतीने त्याची झोप उडाली होती.

नंतर विभागाची बैठक झाली. नोंदवहीत निदान आधीच चढलं होतं : पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे कोणीतरी आपल्या मागावर आहे असे भ्रम होणारा मनोविकार. हेली यांनी हरकत घेतली. याची हकिकत खरी धरली, तर स्किझोफ्रेनियाचं दुसरं एकही लक्षण उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. वरिष्ठांच्या मते ती हकिकत हाच भ्रम होता. हेली यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार लोक त्यांना हसले. तुमचा पहिला दिवस आहे, इथलं काम कसं चालतं ते अजून कळायचंय, असं सांगून विषय मिटवला गेला.

लढाईच्या आघातातून आलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्यांचं काय होतं, हे समजून घ्यायला आम्ही हेच प्रकरण घेतो. यात रुग्णाच्या मनापेक्षा ऐकणाऱ्यांचं मन जास्त उघडं पडतं. आणि तिथे झालेली चूक आजही, कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात, अगदी सद्हेतूने होऊ शकते.

बैठकीला काय ठाऊक होतं

माय लायमधलं हत्याकांड १६ मार्च १९६८चं. व्हिएतनामच्या क्वांग न्गाई प्रांतातल्या सोन मी गावाच्या वस्त्यांमध्ये (माय लाय त्यांपैकीच एक) अमेरिकी लष्कराच्या चार्ली कंपनीचे सैनिक उतरले. अमेरिकी लष्कराच्या मोजणीनुसार ३४७ आणि तिथल्या स्मारकावरच्या यादीनुसार ५०४ माणसं मारली गेली. वर्षभर हे दडपलेलं होतं. रॉन रायडनआवर या माजी सैनिकाने २९ मार्च १९६९ रोजी लोकप्रतिनिधींना आणि लष्करी मुख्यालयाला पत्रं पाठवली, तेव्हा चौकशी लागली. त्या कंपनीतला अधिकारी लेफ्टनंट विल्यम कॅली याच्यावर सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आरोप ठेवले गेले, पण तपशील बाहेर आला नाही. पत्रकार सीमोर हर्श यांची बातमी आली ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि २० नोव्हेंबरला क्लीव्हलंडच्या वर्तमानपत्रात प्रेतांची छायाचित्रं छापली गेली.

म्हणजे बैठकीच्या वेळी लष्कराच्या फायलींत त्या गावाचं नाव होतं, पण डॉक्टरांपैकी कोणाच्या कानावर ते आलेलं नव्हतं. दोन महिने थांबले असते तर रुग्णाचं म्हणणं त्यांनी पेपरातच वाचलं असतं. पण निदानाला वर्तमानपत्राची वाट पाहावी लागावी, हीच मुळात अडचण आहे.

दुसरी गोष्ट निदानपुस्तिकेची. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या १९५२च्या पहिल्या आवृत्तीत ‘ग्रॉस स्ट्रेस रिअॅक्शन’ नावाचा वर्ग होता. लढाई किंवा मोठी आपत्ती सोसलेल्या, एरवी निरोगी माणसासाठी. १९६८च्या दुसऱ्या आवृत्तीतून तो गेला. व्हिएतनाम युद्ध भरात असताना हे घडलं. लढाईचा उल्लेख उरला तो जुळवून घेण्यातल्या अडचणींच्या वर्गात, थरथरणं, पळणं, लपणं अशा तात्पुरत्या भीतीचं उदाहरण म्हणून. परत येऊन काही महिन्यांनी कोसळणाऱ्या माणसासाठी जागाच नव्हती. मग हाताशी राहतात ते शिक्के म्हणजे स्किझोफ्रेनिया, व्यक्तिमत्त्वदोष, दारूचं व्यसन.

निदान ठरलं की पुढचं सगळं त्याच्यामागून येतं. स्किझोफ्रेनिया म्हटलं की क्लोरप्रोमॅझिनच्या जातीची, भ्रम-भास दाबणारी औषधं. शिवाय एक नियमही सोबत येतो : भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याच्या तपशिलात शिरून त्याला बळही देऊ नये. खऱ्या भ्रमाच्या बाबतीत हा नियम योग्यच आहे. इथे मात्र त्याचा अर्थ इतकाच झाला असता की या माणसाला त्या सकाळबद्दल कोणीही, कधीही विचारणार नाही. तुकडीतल्या सोबत्यांनी ‘बोलू नकोस’ म्हटलं होतं. रुग्णालयानेही वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं.

तिसरं कारण आम्हाला सर्वांत जड वाटतं. ते डॉक्टर अडाणी नव्हते, बेपर्वाही नव्हते. आपल्या देशाची, आपल्यासारखी, विशीतली मुलं हे करू शकतात, ही गोष्ट मनात शिरू द्यायला ते तयार नव्हते. ‘हा माणूस वेडा आहे’ हे मान्य करणं त्यापेक्षा सोपं होतं. हेली यांच्याकडे जास्त पदव्या होत्या असं नाही. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्त कारवायांच्या खात्यात होते. युद्धात माणसं काय काय करतात हे हेली यांनी घरातच ऐकलं होतं, त्यामुळे रुग्णाची हकिकत त्यांना अशक्य वाटली नाही.

भ्रम की आठवण

हाच माणूस आज समोर आला तर पहिल्या भेटीत काय करायचं? त्याचं म्हणणं खरं की खोटं हे त्या दिवशी ठरवायचं नसतं. घाईने भ्रम म्हणायचं नाही, एवढंच ठरवायचं असतं. पहिल्या दोन-तीन भेटी निदानासमोर ‘तात्पुरतं’ लिहिलं तर काही बिघडत नाही. केसपेपरवर एकदा बसलेला स्किझोफ्रेनियाचा शिक्का पुसायला मात्र वर्षं लागतात.

काही खुणा उपयोगी पडतात, पण एकटी कुठलीच पुरेशी नाही. भ्रमात पाठलाग करणाऱ्यांची संख्या वाढत जाते : आधी एक शेजारी, मग गल्ली, मग टीव्हीवरचा निवेदक. इथे भीती तुकडीतल्या ठरावीक माणसांची आहे, आणि तिचं कारण रुग्ण एका वाक्यात सांगू शकतो. आवाज ऐकू येतात का, हे विचारावंच लागतं. पण ‘हो’ म्हटल्यावर थांबू नये. कोणाचे, कुठले, कधी, हे पुढे विचारावं. मेलेल्या माणसाची किंकाळी पुन्हा ऐकू येणं आणि दोन अनोळखी आवाजांनी आपल्या वागण्यावर शेरे मारणं, यात मोठं अंतर आहे. लढाईच्या आघातात पहिला प्रकार पुष्कळदा आढळतो, तेवढ्यावरून मनोविकृती ठरत नाही. बोलण्याची सांगड तुटते का? अंघोळ, जेवण, पैशांचे व्यवहार सुरळीत आहेत का? किती रात्री झोप नाही? दारू अचानक सोडली का? स्फोटाजवळ होता का, डोक्याला मार होता का? यातलं प्रत्येक उत्तर चित्र बदलू शकतं. वयाचाही घोळ असतो. स्किझोफ्रेनिया बहुधा विशीत सुरू होतो आणि सैनिकही विशीतच लढाईवरून परततो.

पहिली भेट ७५ ते ९० मिनिटांची ठेवावी. सुरुवात गोपनीयतेपासून करावी, आणि ती हकिकत सुरू होण्याआधी. काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे आधी सांगितलं नाही तर मध्येच थांबून सांगावं लागतं, आणि त्या क्षणी माणूस मिटतो. घडून गेलेली घटना आणि पुढे कोणाला इजा करण्याचा बेत यांतला फरक साध्या शब्दांत सांगायचा. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधलं २३वं कलम याच विषयाचं आहे. त्यातले अपवाद उपचार करणाऱ्याला मुखोद्गत हवेत.

मग सेवेचा क्रम घ्यावा. भरती कधी, कशी, कोणाच्या सांगण्यावरून. प्रशिक्षण कुठे. पलटणीत काम काय होतं : चालक, रेडिओवाला, स्वयंपाकी, मशीनगनवाला. पोस्टिंग कुठे कुठे. तिथला साधा दिवस कसा जायचा. या प्रश्नांना उत्तरं देताना माणूस सावरतो, कारण यात तो जाणकार असतो आणि आपण अडाणी. त्यानंतरच कोण गेलं, कशाबद्दल बोलायचं टाळता, आणि आजच का आलात, याकडे वळावं. ‘आजच का’ हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली गोष्ट याच आठवड्यात का फुटली, त्यामागे काहीतरी असतं : एखादी बातमी, जुन्या सोबत्याचा फोन, घरात जन्मलेलं मूल, मारल्या गेलेल्या पोराच्या वयाला पोचलेला आपला मुलगा.

शेवटच्या वीस मिनिटांत सर्वांत वाईट प्रसंगाचा नवा तपशील उघडू देऊ नये. रुग्ण स्वतःहून सुरू करत असला तरी हळूच थांबवावं : ‘हे नीट ऐकायचंय, म्हणून पुढच्या वेळी पूर्ण वेळ देऊ.’ पहिल्याच भेटीत सगळं ओतलेला माणूस घरी गेल्यावर लाजेने पोळतो आणि परत येत नाही. उपचार अर्धवट सुटण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. निघण्याआधी घरी कोण आहे, जाणार कसा, शस्त्र कुठे आहे, जिवाचं काही मनात येतं का, हे विचारून पुढची वेळ आठवड्याच्या आतली द्यावी.

१९७४चा लेख आणि त्यातली अवघड अट

हेली यांनी पुढची काही वर्षं अशाच सैनिकांबरोबर काम केलं. १९७४च्या फेब्रुवारीत एका अग्रगण्य मनोविकार नियतकालिकात त्यांचा लेख आला. रुग्ण स्वतःच्या हातून झालेल्या अत्याचारांबद्दल सांगतो तेव्हा उपचार करणाऱ्याने काय करायचं, हा त्याचा विषय. तोवर या प्रश्नावर इतकं थेट फारसं कोणी लिहिलं नव्हतं.

त्यांचं एक म्हणणं असं की या रुग्णांच्या बाबतीत विश्वासाचं नातं जुळणं हाच उपचार आहे. एरवी आपण आधी नातं जोडतो, मग त्याच्या आधाराने उपचार करतो. इथे तसा आधी आणि नंतर नसतो. हकिकत ऐकूनही समोरचा माणूस खोलीत बसून राहिला, हा अनुभवच रुग्णाला प्रथम मिळत असतो.

दुसरं म्हणणं : लढाईचा माझ्यावर काहीच परिणाम झाला नाही, हे एकच विधान जसंच्या तसं स्वीकारू नये. लगेच खोडायचं नाही, पण मनात प्रश्नचिन्ह ठेवायचं.

आणि तिसरी, सर्वांत अवघड अट. तशाच ताणाखाली, तशीच मोकळीक आणि चिथावणी असताना, मीही माणूस मारला असता ही शक्यता उपचार करणाऱ्याने स्वतःपुरती खरोखर डोळ्यांसमोर आणली पाहिजे. ती आणली नाही तर खोलीत एक ‘चांगला’ चिकित्सक आणि एक ‘वाईट’, ताबा सुटलेला माणूस उरतो. असा रुग्ण एक तर निघून जातो, किंवा आपल्याला हवी ती शिक्षा इथे मिळतेय म्हणून टिकून राहतो. हा दुसरा प्रकार फसवा आहे. रुग्ण दर आठवड्याला वेळेवर येतोय, म्हणून आपण समाधानी असतो, आणि तो मात्र दर आठवड्याला शिक्षा भोगून जात असतो.

ही अट मोडते कशी, ते खोलीत लक्ष दिलं तर दिसतं. हकिकत टोकाला आली की चिकित्सक तारीख विचारतो. किंवा झोपेच्या गोळीबद्दल विचारतो. किंवा ‘तुम्ही फक्त हुकूम पाळलात’ म्हणून क्षमा वाटून टाकतो, ती क्षमा देण्याचा त्याला कुठलाही अधिकार नसताना. रुग्णाला त्यातून एवढंच कळतं की याला पुढचं ऐकायचं नाही. उलट टोकाला, काही जण गरजेपेक्षा जास्त तपशील विचारतात. युद्धाचं आकर्षण त्यांनाही असतं, आणि रुग्णाच्या ते लगेच लक्षात येतं. तिसरे जण उद्धारकर्ते होतात : रात्री फोन उचलतात, पेन्शन कार्यालयात स्वतः खेटे घालतात, आणि सहा महिन्यांनी त्याच रुग्णावर चिडतात. जॉन विल्सन आणि जेकब लिंडी यांनी १९९४ मध्ये या प्रतिक्रियांची मांडणी केली, त्यात याचे दोन मुख्य प्रवाह आहेत : दूर सरकणं आणि रुग्णाशी एकरूप होऊन वाहवत जाणं. एकच चिकित्सक एकाच रुग्णाबाबत, एकाच महिन्यात, दोन्ही करू शकतो.

रुग्ण परीक्षाही घेतो. आधी एक मध्यम भयंकर प्रसंग सांगतो आणि तोंडाकडे बघत राहतो. त्या वेळी चेहरा दगडासारखा ठेवणं चूक आणि रडू फुटू देणंही चूक. ‘हे ऐकणं मला जड जातंय. तरी मी ऐकतो आहे, पुढे सांगा,’ एवढं खरं बोललं की पुरतं.

या रुग्णावर आज कसा उपचार होईल

आज अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यात दोन पद्धती मुख्यतः वापरल्या जातात. एडना फोआ यांची प्रदीर्घ सामोरं जाण्याची पद्धत : ८ ते १५ सत्रं, प्रत्येक ९० मिनिटांचं. आणि पॅट्रिशिया रेसिक यांची विचारप्रक्रियेवर काम करणारी पद्धत : साधारण १२ सत्रं. पहिलीत रुग्ण डोळे मिटून वर्तमानकाळात प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतो, सलग ३० ते ४५ मिनिटं. मग १५-२० मिनिटं त्यावर बोलणं होतं. त्याचं ध्वनिमुद्रण घरी रोज ऐकायचं. त्रास ० ते १०० मध्ये मोजायचा. टाळल्या जाणाऱ्या जागांची यादी करून सोप्याकडून अवघडाकडे जायचं.

बोस्टनच्या त्या रुग्णात दोन धागे वेगळे काढावे लागतील. एक भीतीचा. यात प्रसंगाची आठवण आहे आणि खरी धमकीही. खऱ्या धोक्याला ‘सामोरं जा’ म्हणायचं नसतं. धमकी देणारे कुठे राहतात, शेवटचा संपर्क कधी झाला, हे आधी पाहायचं, आणि ज्या भागात धोका नाही तेवढ्यावरच ही पद्धत लावायची. ही चाळणी न लावता यादीत ‘जुन्या सोबत्याला भेटणं’ लिहिणारा चिकित्सक रुग्णाला धोक्यात घालतो.

दुसरा धागा अपराधाचा : मी गोळी झाडली नाही, पण थांबवलंही नाही. इथे दुसरी पद्धत जास्त उपयोगी पडते. ‘मी ओरडलो असतो तर ते थांबले असते’ हे वाक्य कागदावर लिहून घ्यायचं आणि त्याला प्रश्न विचारायचे. त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होतं आणि काय नंतर कळलं? हुकूम कोणाचा होता? तुमच्या हातात किती मिनिटं होती? पर्याय कोणते होते आणि प्रत्येकाची किंमत काय होती?

इथे चिकित्सकाला इतिहास ठाऊक असावा लागतो. माय लायमध्ये ह्यू थॉम्पसन या वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्यामध्ये उतरवलं आणि काही जीव वाचवले. हे रुग्णाला ठाऊक असेल, किंवा पुढे कळेल. मग तो विचारेल : त्याला जमलं, मला का नाही? ‘तुम्ही काहीच करू शकत नव्हता’ असं आधीच बोलून बसलेला चिकित्सक त्या दिवशी उघडा पडतो. थॉम्पसनकडे यंत्र होतं, आपली माणसं होती, वरून दिसणारं चित्र होतं. ही तुलना रुग्णाबरोबर बसून, वस्तुस्थितीला धरून करावी लागते. त्यातून थोडा दोष त्याच्याकडे उरला, तर तो राहू द्यावा.

कारण प्रत्येक अपराधभाव चुकीच्या विचारातून येत नाही. ज्याने खरंच मारलं आहे त्याचा अपराधभाव तर्काने खोडणं म्हणजे त्याच्या विवेकावरच घाव घालणं. जोनाथन शे यांनी बोस्टनमध्येच माजी सैनिकांवर उपचार करताना या जखमेला नैतिक इजा म्हटलं, आणि ब्रेट लिट्झ यांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये तिची चिकित्सकीय मांडणी केली. हे काम वेगळ्या वाटेने जातं : काय केलं ते नेमकं बोलणं, जबाबदारीचा वाटा मोजणं, ज्याच्या न्यायबुद्धीवर रुग्णाचा विश्वास आहे अशा व्यक्तीशी कल्पनेत संवाद, आणि शेवटी भरपाई म्हणून जगताना काय करणार ते ठरवणं. आमच्या मते यात घाई सर्वांत जास्त नुकसान करते.

प्रगती मोजायला पीसीएल-५ ही २० प्रश्नांची यादी आहे, गुण ० ते ८०. ३१ ते ३३च्या आसपास पीटीएसडीची (आघातानंतर मागे उरणाऱ्या मनोविकाराची) शक्यता धरतात, आणि दहाएक गुणांचा फरक पडला तर बदल खरा मानतात. सामोरं जायला सुरुवात झाल्यावर काही रुग्णांचे गुण थोडे वाढतात. नवखा चिकित्सक तिथे घाबरून पद्धत सोडतो, आणि रुग्णाची ‘हे बोललं की वाईटच होतं’ ही समजूत पक्की होते. वाढ होऊ शकते हे दोघांनाही आधीपासून ठाऊक हवं.

निदानाला नाव कसं मिळालं

बोस्टनच्या खोलीत हरलेला मुद्दा पुढे अकरा वर्षांनी जिंकला गेला. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर १९७० पासून युद्धविरोधी माजी सैनिकांच्या गप्पांच्या बैठका सुरू झाल्या. त्यात रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शाटन हे मनोविकारतज्ज्ञ बसत. तिथे सैनिकांनी डॉक्टरांना बरोबरीने बसायला लावलं : आम्ही बोलणार तर तुम्हीही स्वतःबद्दल बोला. निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती ठरू लागली तेव्हा लिफ्टन, शाटन, माजी सैनिक जॅक स्मिथ आणि हेली यांनी रुग्णांच्या नोंदी जमवून समितीपुढे नेल्या. १९८० मध्ये पीटीएसडी पुस्तिकेत आला. १९७९च्या कायद्याने गावोगावी व्हेट सेंटरं, म्हणजे माजी सैनिकांसाठीची सल्लाकेंद्रं, निघाली, रुग्णालयाच्या आवाराबाहेर, आणि तिथे सल्लागार म्हणून माजी सैनिकही नेमले गेले. रुग्णालयाच्या दारात पाऊल न टाकणारी माणसं तिथे जाऊ लागली.

ऐकणाऱ्यावर काय चढतं

हेली यांच्या लेखाने प्रतिक्रिया ओळखायला शिकवलं. त्या साठत गेल्या तर काय होतं, हे नंतर उलगडलं. लिसा मॅकॅन आणि लॉरी पर्लमन यांनी १९९० मध्ये दाखवलं की आघात ऐकत राहणाऱ्याच्या मूळ समजुतीच सरकतात : सुरक्षितता, विश्वास, स्वतःवरचा ताबा, जवळीक. चार्ल्स फिग्ली यांनी नव्वदीच्या दशकात करुणेच्या थकव्याची, म्हणजे दुसऱ्याचं दुःख वाहता वाहता येणाऱ्या थकव्याची, मांडणी केली. ते स्वतः मरीन म्हणून व्हिएतनामला जाऊन आलेले.

तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात, कारण उपाय वेगळे आहेत. कामाचा थकवा हळूहळू येतो. रुग्ण कमी केले, रजा घेतली की उतरतो. दुय्यम आघात एखाद्याच हकिकतीतून, एका रात्रीत येऊ शकतो : रुग्णाने सांगितलेलं दृश्य आपल्याच डोळ्यांपुढे, आपल्याच स्वप्नात येतं. त्याला रजा पुरत नाही. ते दृश्य कोणाजवळ तरी बोलावं लागतं, अगदी रुग्णासारखंच. आणि समजुतींचा बदल इतका सावकाश होतो की तो घरच्यांना आधी दिसतो.

खुणा लहान असतात. हॉटेलात दाराकडे तोंड करून बसणं. रात्री कडी दोनदा पाहणं. एका ठरावीक रुग्णाची वेळ रद्द झाली की हायसं वाटणं. एक खूण फारसं कोणी कबूल करत नाही : बाकीच्या रुग्णांची दुःखं क्षुल्लक वाटू लागणं. नापास झालेल्या मुलीचं रडणं ऐकताना मनात ‘हे काय दुःख आहे’ असं आलं, तर त्या मुलीवरचा उपचारही बिघडला आहे.

मोजायला प्रोक्वॉल ही ३० प्रश्नांची यादी आहे, गेल्या ३० दिवसांबद्दल. समाधान, थकवा आणि दुय्यम आघात असे तीन भाग, प्रत्येकी दहा प्रश्न. एखाद्या भागात ४२ किंवा जास्त गुण म्हणजे ती गोष्ट जास्त, २२ पर्यंत म्हणजे कमी. तीन महिन्यांतून एकदा भरली तर आपल्याच आकड्यांची आपल्याशी तुलना करता येते.

आमचा आग्रह असा : दिवसात अशी दोनच सत्रं, फार तर तीन, मध्ये निदान २० मिनिटं मोकळी. पुढच्या सत्राआधी टिपण लिहून संपवावं. त्यात उपचाराला लागेल तेवढंच, रक्तमांसाचं वर्णन नाही. आठवड्याला एक तास अनुभवी सहकाऱ्याबरोबर बसावं आणि सुरुवात रुग्णापासून करू नये. आधी हे : या आठवड्यात मी कुठे विषय बदलला? कोणाला टाळलं? कोणाचा राग आला? रुग्णाच्या परवानगीने सत्राचं ध्वनिमुद्रण असेल तर हकिकत टोकाला गेल्यावर चिकित्सक पहिल्यांदा कितव्या मिनिटाला बोलला, ते पाहावं. तिथे उत्तर सापडतं.

महाराष्ट्रातल्या टेबलावर

सातारा, कोल्हापूर, सांगली, नगरकडचा निवृत्त जवान आपल्याकडे ‘आघात झाला’ म्हणत येत नाही. छातीत धडधड, डोकं भणभणतं, झोप नाही म्हणून येतो, किंवा बायको दारूसाठी घेऊन येते. केसपेपरवर धंदा ‘शेती’ नाहीतर ‘सिक्युरिटी’ लिहिलेला असतो. फौजेतली सतरा-अठरा वर्षं त्यात गायब. श्रीलंका, सियाचीन, कारगिल, काश्मीर यांपैकी काही होतं का, हे कळायलाच महिने जातात. नोंदणीच्या कागदावर ‘सैन्यात, निमलष्करी दलात, पोलिसांत होता का, कुठे, कधी’ ही एक ओळ छापून घ्यावी.

बँकेत पहारेकरी असेल तर परवान्याची बंदूक घरात असू शकते, ते पहिल्याच दिवशी विचारावं. कॅन्टीनच्या दारूबद्दल विचारताना किती बाटल्या मिळतात यापेक्षा किती दिवसांत संपतात, हे विचारावं. गावात त्याला ‘मेजर’ म्हणतात; आपण ‘हवालदार साहेब’, ‘सुभेदार साहेब’ असं त्याच्या खऱ्या हुद्द्याने बोलवावं, आणि हुद्दा आधी विचारून घ्यावा. पेन्शनवर परिणाम होईल, पलटणीचं नाव खराब होईल, या दोन भीती त्याच्या मनात असतात. त्या आपणच काढून बोलाव्यात. पलटण, जागा, माणसांची नावं सांगितल्याशिवायही उपचार होऊ शकतो, हे ऐकून बरेच जण मोकळे होतात.

बायकोला वेगळी वेळ द्यावी. झोपेतून उठवताना हात लावू नका, पायथ्याशी, हातभर लांब उभं राहून नावाने हाक मारा, एवढी एक सूचना घरातले मार वाचवते. लहान मुलं असतील तर त्यांच्याबद्दल आवर्जून विचारावं. हेली यांनी १९८४ मध्ये याच विषयावर लिहिलं : मूल हट्टाला, मारामारीच्या खेळाला येतं तेव्हा लढून आलेल्या बापाला स्वतःच्या रागाची धास्ती वाटते, आणि तो मुलापासूनच लांब राहू लागतो.

टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा. सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक रुग्णाच्या हातात लिहून द्यावा. जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने काम करणाऱ्यांना दर आठवड्याचा सहकारी शेजारी मिळणार नाही. त्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एकाशी फोनवर वार आणि वेळ पक्की करावी, रुग्णाची ओळख न सांगता बोलावं, आणि ती व्यवस्था असा पहिला रुग्ण स्वीकारण्याआधी झालेली असावी.